मत्स्यशेतीतला मासा: दूषक कुठे बसते, किती असते आणि काय काढता येते

मासा ताजा आहे का हे पाहायला कल्ल्यांचा रंग, डोळ्यांची चमक आणि बोटाने दाबल्यावर मांस वर येते की नाही, एवढे पुरते. पण या खुणा माशाला मरून किती वेळ झाला आणि त्यात जिवाणू किती वाढले, एवढेच सांगतात. डायऑक्सिन (जाळण्यातून आणि कारखान्यांतून तयार होणारे विषारी रसायन), पारा, प्रतिजैविकाचे अवशेष, मॅलाकाइट ग्रीनसारखा औषध म्हणून वापरलेला रंग यांतले काहीही डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. तासाभरापूर्वी तळ्यातून काढलेल्या माशातही औषध असू शकते. उलट, औषध देऊन दुसऱ्या दिवशी काढलेल्या माशात ते सगळ्यात जास्त असते. त्यामुळे ताजेपणाची परीक्षा झाल्यावर दूषकांची चौकशी वेगळी करावी लागते.

या चौकशीत एक प्रश्न सतत विचारत राहावा: हे दूषक माशाच्या अंगात नेमके कुठे बसते? काही दूषके चरबीत बसतात, काही मांसातल्या प्रथिनांना चिकटतात आणि काही पाळणाऱ्याने औषध म्हणून दिलेली असतात. चरबीतले दूषक सुरीने आणि आचेने थोडेफार कमी होते. मांसातले कशानेच निघत नाही, तिथे माशाची निवडच कामाला येते. औषधाचा बंदोबस्त मासा काढण्याआधी तळ्यावरच व्हावा लागतो. तो तिथे झाला नाही तर घरी करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

चरबीत बसणारी दूषके

डायऑक्सिन, पीसीबी (पूर्वी विजेच्या उपकरणांत वापरलेली रसायने), डीडीटी आणि डायल्ड्रिनसारखी जुनी कीटकनाशके पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र सहज विरघळतात आणि वर्षानुवर्षे विघटित होत नाहीत. पिंजऱ्यात वाढवलेल्या मांसाहारी माशात ती मुख्यतः खाद्यातून येतात. खाद्याच्या गोळ्यांत समुद्रातल्या लहान माशांची भुकटी आणि तेल असते. समुद्रभर विरळ पसरलेले रसायन त्या तेलात गोळा होऊन येते. तेलाचा वाटा जेवढा मोठा आणि मासा जेवढा चरबीदार, तेवढा आकडा वर जातो.

२००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात सुमारे ७०० सॅमन माशांची तपासणी प्रसिद्ध झाली. तीत शेतीतल्या सॅमनमध्ये पीसीबी, डायऑक्सिन, टॉक्साफीन (हेही जुने कीटकनाशक) आणि डायल्ड्रिन जंगली सॅमनपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळले होते, आणि युरोपात वाढवलेल्या माशांत सगळ्यात जास्त. 'शेतीतला सॅमन म्हणजे विष' हे वाक्य तेव्हापासून फिरते आहे. मधल्या काळात खाद्यच बदलले. नॉर्वेत १९९०च्या सुमारास सॅमनच्या खाद्यात समुद्री घटक सुमारे ९० टक्के होते. आज ते पाव हिश्श्याच्या आसपास आहेत आणि बाकी जागा सोया, मोहरीवर्गीय तेल, गहू यांनी घेतली आहे. २०१७ साली नॉर्वेतल्याच तुलनेत शेतीतल्या अटलांटिक सॅमनमध्ये डायऑक्सिन, पीसीबी आणि पारा जंगली अटलांटिक सॅमनपेक्षा कमी निघाले. म्हणून जुन्या आकड्यांवरून आजच्या माशाचा निवाडा करू नये. 'या माशाच्या खाद्यात मासळीचे तेल किती?' हा प्रश्न मात्र आजही तितकाच महत्त्वाचा आहे. 'सेंद्रिय' शिक्क्याने तो सुटत नाही. सेंद्रिय खाद्यात वनस्पती तेलाऐवजी मासळीचे तेल जास्त वापरले असेल, तर चरबीतली दूषके साध्या शेतीतल्या माशापेक्षा जास्तही निघू शकतात.

वनस्पतिजन्य खाद्यालाही स्वतःच्या अडचणी आहेत. धान्य आणि पेंड ओलसर राहिली की बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तयार होते. १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या ट्राउट माशांच्या संवर्धन केंद्रांत यकृताच्या कर्करोगाची साथच आली होती. तिचे मूळ बुरशी लागलेल्या सरकीच्या पेंडीत सापडले. अफ्लाटॉक्सिनचा पहिला आणि मोठा फटका माशालाच बसतो. माणसाच्या बाजूने लक्षात ठेवायचे ते हे, की अशा माशाचे यकृत खाऊ नये.

आता प्रमाण. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली डायऑक्सिन आणि तत्सम पीसीबींसाठी आठवड्याची सहनीय मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोमागे २ पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) ठरवली. त्याआधी ती १४ होती, म्हणजे मर्यादा सातपट कडक झाली. ६० किलो वजनाच्या माणसाला आठवड्याला १२० पिकोग्रॅम. माशात ग्रॅममागे ०.५ पिकोग्रॅम असेल तर २४० ग्रॅम मासा ही मात्रा पूर्ण करतो. युरोपीय संघात मासा विकण्याची कायदेशीर मर्यादा ग्रॅममागे ६.५ पिकोग्रॅम आहे. त्या मर्यादेला टेकलेला मासा असेल तर अवघ्या १८ ग्रॅममध्ये आठवड्याचा कोटा संपतो. शिवाय दूध, मांस आणि अंडी यांतूनही डायऑक्सिन येते, त्यामुळे सगळा कोटा माशाच्या वाट्याला नसतोच. 'मर्यादेच्या आत' असा शेरा असलेला अहवाल वाचताना हे गणित करून पाहावे. ती मर्यादा बाजारातून काय उचलायचे हे ठरवण्यासाठी असते, दर आठवड्याला किती खायचे हे ठरवण्यासाठी नसते.

शरीरात शिरलेले सर्वांत विषारी डायऑक्सिन निम्मे व्हायला सुमारे ७ वर्षे लागतात. त्यामुळे एखाद्या जेवणाने काही होत नाही, वर्षांची बेरीज महत्त्वाची असते. परिणाम हळू आणि खोल असतात: लहानपणी जास्त संपर्क आलेल्या मुलग्यांमध्ये मोठेपणी शुक्राणूंची संख्या घटते, प्रतिकारशक्ती आणि थायरॉइडच्या कामात बिघाड होतो. या सर्वांत विषारी डायऑक्सिनला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत घातले.

मांसात बसणारी दूषके

पाऱ्याचे घातक रूप म्हणजे मिथाइल पारा. गाळातले जिवाणू साध्या पाऱ्यापासून तो तयार करतात. शेवाळापासून लहान मासा आणि लहान माशापासून मोठा मासा अशा प्रत्येक पायरीवर तो साठत जातो. तो स्नायूंच्या प्रथिनांना बांधलेला असतो, म्हणून साल काढा, चरबी काढा, उकळा, भाजा, तो जागचा हलत नाही. भाजताना पाणी उडून गेल्यामुळे ग्रॅममागचा आकडा उलट वाढलेला दिसतो.

या बाबतीत मत्स्यशेतीची बाजू जमेची आहे. शेतीतला मासा लवकर काढला जातो. तिलापिया काही महिन्यांत, सॅमन दोन-तीन वर्षांत तयार होतो, आणि गोळीखाद्यावर वाढल्यामुळे तो अन्नसाखळीत फार वर नसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सरासऱ्यांनुसार किलोमागे कोळंबीत ०.००९, तिलापियात ०.०१३, सॅमनमध्ये ०.०२२ आणि कॅटफिशमध्ये ०.०२४ मिलिग्रॅम पारा असतो. समुद्रात वाढणाऱ्या शार्कमध्ये हाच आकडा ०.९७९ आणि तलवार माशात ०.९९५ आहे.

मिथाइल पाऱ्यासाठी युरोपीय प्राधिकरणाची आठवड्याची सहनीय मात्रा शरीराच्या किलोमागे १.३ मायक्रोग्रॅम (मिलिग्रॅमचा हजारावा भाग), म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७८ मायक्रोग्रॅम. या हिशेबाने तिलापियाला सहा किलो आणि सॅमनला साडेतीन किलो लागतील, तर तलवार मासा ७८ ग्रॅममध्येच मात्रा गाठतो. पाऱ्याच्या भीतीने शेतीतला तिलापिया किंवा कोळंबी टाळण्यात काही अर्थ नाही.

अपवाद मात्र ओळखून ठेवावेत. ब्लूफिन ट्यूना बऱ्याचदा समुद्रात पकडून पिंजऱ्यात लठ्ठ केला जातो. त्यावर 'शेतीतला' असे लिहिलेले असले तरी पारा त्याने आधीच आयुष्यभर जमवलेला असतो. अंडी-बीजासाठी वर्षानुवर्षे ठेवलेले जुने मोठे मासे शेवटी विकायला काढले जातात, तेही टाळावेत. नव्याने भरलेल्या धरणात बुडालेली झाडे-गवत कुजताना मिथाइल पारा वेगाने तयार होतो. तिथे पिंजऱ्यात गोळ्यांवर वाढलेला मासा फारसा बिघडत नाही, पण जलाशयातलेच किडे-मासे खाऊन वाढलेला बिघडतो.

मिथाइल पाऱ्याचा सर्वांत मोठा धोका पोटातल्या बाळाच्या मेंदूला असतो. तो वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोहोचतो, आणि आईला काहीही जाणवत नसताना बाळाचे लक्ष, भाषा आणि हालचालींचा ताळमेळ यांवर परिणाम होऊ शकतो.

कॅडमियम हा जड धातू मांसात कमी, यकृत-मूत्रपिंडात जास्त असते. कोळंबीच्या डोक्यातला आणि खेकड्याच्या कवचाखालचा तपकिरी गर म्हणजे त्यांचे यकृतच. तो चवदार असला तरी नेमाने खाऊ नये, कारण कॅडमियम माणसाच्या मूत्रपिंडात दशकानुदशके साचत राहते.

'पीफास' या नावाने ओळखली जाणारी फ्लोरिनयुक्त रसायने चरबीत बसत नाहीत. ती रक्तातल्या आणि यकृतातल्या प्रथिनांना चिकटतात. विमानतळांवरचा अग्निशामक फेस आणि कारखान्यांचे सांडपाणी ही त्यांची ठरलेली उगमस्थाने. अशा ठिकाणाच्या खालच्या अंगाला नदीचे पाणी घेणारे तळे असेल तर गोळीखाद्य कितीही चांगले असून भागत नाही. युरोपीय प्राधिकरणाने २०२० साली चार पीफासची मिळून आठवड्याची मात्रा शरीराच्या किलोमागे ४.४ नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग) ठरवली. लहान मुलांत लसीनंतर तयार होणारी प्रतिपिंडे कमी होतात, हे त्यामागचे मुख्य कारण होते.

पाळणाऱ्याने घातलेली रसायने

मत्स्यशेतीचा स्वतःचा असा दोष इथे आहे. बाकीची दूषके बाहेरून येतात, ही माणूस हाताने घालतो, आणि म्हणूनच ती पूर्णपणे टाळता येतात.

परवानगी असलेले प्रतिजैविक वापरणे हा गुन्हा नाही. ऑक्सिटेट्रासायक्लिनची युरोपातली अवशेष मर्यादा किलोमागे १०० मायक्रोग्रॅम आहे, आणि औषधानंतरचा प्रतीक्षा काळ पाळला की मासा तिच्या खाली येतो. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याच्या तापमानाबरोबर बदलते, म्हणून हा काळ नुसत्या दिवसांत मोजून चालत नाही, 'अंश-दिवसांत' मोजतात. पाण्याचे रोजचे सरासरी तापमान गुणिले दिवस. माशांसाठी न बनवलेले औषध पशुवैद्याने दिले तर ५०० अंश-दिवस हा युरोपातला जुना ठोकताळा आहे. १० अंश सेल्सियसच्या पाण्यात त्याचे ५० दिवस होतात, २५ अंशांच्या पाण्यात २०.

हिशेब चुकतो तो ठरावीक जागी. औषध सुरू केलेल्या दिवसापासून मोजणी होते, ती शेवटच्या मात्रेनंतरच्या दिवसापासून व्हायला हवी. दुपारचे तापमान धरले जाते आणि रात्रीचा गारवा विसरला जातो, त्यामुळे अंश-दिवस कागदावर लवकर भरतात. औषध मिसळलेले उरलेले खाद्य पुढच्या आठवड्यात साध्या खाद्यात मिसळून 'संपवले' जाते. औषध दिलेल्या तळ्याचे पाणी शेजारच्या तळ्यात जाते आणि तिथले मासे वाहून आलेली गोळी नि विष्ठा खातात. ज्या तळ्यात औषध दिलेच नव्हते तिथला मासा तपासणीत अडकतो, तो बहुधा याच शेवटच्या दोन कारणांनी.

काही पदार्थांना मात्र प्रतीक्षा काळच नसतो, कारण ते खाण्याच्या माशाला देणेच चूक आहे. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकामुळे काही थोड्या माणसांत अस्थिमज्जा रक्त बनवणेच थांबवते. ते कोणात आणि किती मात्रेने होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही. नायट्रोफ्यूरान गटातले प्रतिजैविक शरीरात काही तासांत नाहीसे होते, पण त्याचे चयापचयी तुकडे प्रथिनांना घट्ट बांधून आठवडेच्या आठवडे राहतात आणि शिजवून मोडत नाहीत. मॅलाकाइट ग्रीन हा हिरवा रंग बुरशी आणि परजीवी स्वस्तात मारतो, त्यामुळे त्याचा मोह सुटत नाही. माशाच्या अंगात तो रंगहीन ल्युकोमॅलाकाइट ग्रीन होतो आणि चरबीत महिनोन्‌महिने राहतो. या ल्युको रूपाने मादी उंदरांत यकृताच्या गाठी झाल्या आहेत. युरोपीय संघात नोव्हेंबर २०२२ पासून कारवाईची पातळी मॅलाकाइटच्या दोन्ही रूपांसाठी मिळून ०.५, प्रत्येक नायट्रोफ्यूरान तुकड्यासाठी ०.५ आणि क्लोरॅम्फेनिकॉलसाठी ०.१५ मायक्रोग्रॅम प्रतिकिलो आहे. जून २००७ मध्ये अमेरिकेने चीनहून येणारे शेतीतले कॅटफिश, बासा, कोळंबी, डेस आणि ईल अडवले, ते नायट्रोफ्यूरान, मॅलाकाइट ग्रीन, जेन्शन व्हायोलेट (असाच एक रंग) आणि फ्लुरोक्विनोलोन (प्रतिजैविकांचा एक गट) यांच्या अवशेषांमुळेच.

अवशेषांइतकीच, माझ्या मते त्याहून जास्त, काळजी करायची गोष्ट म्हणजे प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू. तळ्यात वारंवार औषध पडले की तिथल्या जिवाणूंमध्ये प्रतिकार तयार होतो, आणि प्रतिकाराची जनुके एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात. ते कुठल्याही अवशेष-अहवालात दिसत नाही. औषधाचा शेवटचा रेणूसुद्धा निघून गेलेल्या माशावर असे जिवाणू असू शकतात. कच्चा मासा हाताळल्यावर सुरी, पाट आणि हात साबणाने धुणे आणि कच्च्या भाज्यांसाठी पाट वेगळा ठेवणे, एवढे आपल्या हातात आहे, आणि ते कटाक्षाने करावे.

विकत घेताना

'मासा चांगला आहे ना?' या प्रश्नाला कोणीही 'हो'च म्हणेल. त्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात: नेमकी जात कोणती आणि कुठे वाढला, काय खाऊन वाढला, शेवटचे औषध कधी दिले. गोळीखाद्याच्या पोत्यांची नोंद आणि औषधाची वही ठेवणारा पाळणारा ही उत्तरे चटकन देतो. 'आम्ही कधीच औषध देत नाही' असे सांगणाऱ्याकडे वहीच नसेल तर त्या उत्तराला वजन नाही. कत्तलखान्याचा कचरा, सांडपाणी किंवा कोंबड्यांची ताजी विष्ठा यांवर चालणाऱ्या तळ्यातला मासा घेऊ नये. त्यात रोगजंतू, जड धातू आणि कोंबड्यांना दिलेली औषधे तिन्ही येऊ शकतात.

अ‍ॅक्वाकल्चर स्टुअर्डशिप कौन्सिल किंवा बेस्ट अ‍ॅक्वाकल्चर प्रॅक्टिसेस यांचे शिक्के उपयोगी आहेत, कारण त्यांत औषधांच्या नोंदी तपासल्या जातात. मात्र तो शिक्का शेतीच्या पद्धतीला मिळालेला असतो, तुमच्या हातातल्या माशाच्या तपासणीला नाही.

दोन गोष्टींची उगाच धास्ती घेतली जाते. माशाला येणारा मातीचा वास जिऑस्मिन आणि २-मिथाइलआयसोबोर्निऑल या द्रव्यांचा असतो. ती जिवाणू आणि निळे-हिरवे शेवाळ तयार करतात, आणि माशात येणाऱ्या प्रमाणात ती अपायकारक नाहीत. मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात उपाशी ठेवला की वास जातो. पण त्याने चरबीतले डायऑक्सिन किंवा मांसातला पारा जात नाही, त्यामुळे 'शुद्ध पाण्यात ठेवलेला' हा दावा फक्त चवीपुरता समजावा. दुसरी गोष्ट सॅमनचा केशरी रंग. तो खाद्यातल्या अ‍ॅस्टाझँथिनचा असतो, आणि जंगली सॅमनला तोच पदार्थ लहान कवचधारी प्राण्यांतून मिळतो.

साफ करताना आणि शिजवताना

खालची पद्धत चरबीतल्या दूषकांसाठी आहे. ती चरबीदार माशाला वापरावी: ईल, चरबी धरलेला कॅटफिश, खाद्याचा पत्ता नसलेला सॅमन. तिलापियासारख्या कमी चरबीच्या माशाला तिचा फारसा उपयोग नाही.

१. पोट उघडून आतडी, यकृत आणि कण्याला चिकटलेले काळपट मूत्रपिंड पूर्ण काढा. बोटाने कण्याची खोबण खरवडून वाहत्या पाण्यात धुवा.

२. साल काढा. सालीखाली चरबीचा पातळ थर असतो. साल ओढून काढली तर तो मांसाला चिकटून राहतो, म्हणून सुरी आडवी धरून थरासकट सोला.

३. पोटाकडची मऊ पट्टी कापून टाका. माशात सगळ्यात जास्त चरबी तिथेच असते. पाठीच्या पराच्या मुळाशी असलेली चरबी आणि बाजूने जाणारी गडद तपकिरी मांसाची रेघ इंग्रजी 'व्ही' आकाराचा छेद देऊन काढा.

४. जाळीवर भाजा किंवा वाफवा, म्हणजे चरबी खाली गळेल. गळलेली चरबी आणि उकडलेले पाणी टाकून द्या. त्याचा रस्सा केला तर काढलेले सगळे परत ताटात येते. तळलेल्या तेलातही दूषके उतरतात, ते तेल पुन्हा वापरू नका.

एवढे केल्यावर चरबीतली दूषके साधारण पाव ते निम्म्यापर्यंत कमी होतात. जात आणि पद्धत यांप्रमाणे आकडा बराच बदलतो. त्याची किंमतही मोजावी लागते, कारण ओमेगा-३ मेदाम्लेही त्याच चरबीत असतात आणि तीही जातात. खाद्याची खात्री असलेल्या माशाची साल आणि पोटाची पट्टी टाकणे म्हणजे मासा खाण्याचे अर्धे कारण टाकून देणे.

परजीवींचा प्रश्न उष्णतेने सुटतो. गोड्या पाण्यातल्या कार्पवर्गीय माशांत यकृतकृमींच्या अळ्या असू शकतात. कच्चा किंवा अर्धकच्चा मासा खाल्ल्याने त्या पित्तनलिकेत वस्ती करतात आणि पुढे तिथेच कर्करोग होऊ शकतो. तुकड्याच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सियस पोहोचेपर्यंत शिजवा. कच्चाच खायचा असेल तर आधी उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवलेला हवा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा उणे २० पर्यंत जात नाही, तापमापी ठेवून पाहा. लिंबू, व्हिनेगर किंवा मीठ लावून मुरवल्याने अळ्या मरतील असा भरवसा धरू नका.

शिंपले-कालवे पाणी गाळून जगतात, त्यामुळे त्यांत शेवाळाची विषे साचतात. पक्षाघात घडवणारे सॅक्सिटॉक्सिन शिजवून जात नाही. शेवाळाच्या बहराची सूचना असेल त्या काळात शेतीतले शिंपलेही खाऊ नयेत.

तपासणीचा अहवाल वाचताना

एका माशावरून तळ्याचा निकाल लागत नाही. वेगवेगळ्या कोपऱ्यांतून किमान पाच मासे घ्या, मांस आणि साल नैसर्गिक प्रमाणात ठेवून एकत्र वाटा आणि गोठवूनच प्रयोगशाळेत पोहोचवा. अहवाल आला की आकड्याआधी एकक पाहा. आकडा ओल्या वजनावर आहे की सुक्या? माशात साधारण तीन-चतुर्थांश पाणी असते, म्हणून सुक्या वजनावरचा आकडा चार-पाचपट दिसतो आणि निष्कारण घबराट होते.

'आढळले नाही' असे लिहिले असेल तर प्रयोगशाळेची ओळखमर्यादा विचारा. क्लोरॅम्फेनिकॉलसाठी ५ मायक्रोग्रॅमच्या खाली न पाहू शकणाऱ्या यंत्राने दिलेले 'आढळले नाही' निरुपयोगी आहे. तिथे ०.१५ पर्यंत पाहणारी, द्रव वर्णलेखन आणि दुहेरी वस्तुमान वर्णपटमापन यांची जोडपद्धत (एलसी-एमएस/एमएस) लागते. मॅलाकाइट ग्रीनच्या अहवालात ल्युको रूप नसेल तर तपासणी अपुरी समजा, कारण माशात शोधायचे असते तेच. कोळंबीत सेमिकार्बाझाइड हा नायट्रोफ्यूराझोनचा (नायट्रोफ्यूरान गटातल्या औषधाचा) तुकडा सापडला तर नमुना सोललेला होता का ते विचारा, कवचात तो नैसर्गिकरीत्याही असतो. 'एकूण आर्सेनिक' मोठे दिसले तरी थांबा. समुद्री माशात ते बहुतेक आर्सेनोबिटेनच्या रूपात असते आणि ते विषारी नाही. 'असेंद्रिय आर्सेनिक' वेगळे मोजून घ्या.

तळे स्वतःचे असेल तर

जुन्या शेतजमिनीत तळे खोदण्याआधी माती तपासून घ्या. पूर्वी फवारलेले डीडीटी आणि डायल्ड्रिन दशकांनंतरही मातीत असते, आणि गाळ ढवळणारे मासे ते थेट उचलतात. खाद्य जमिनीपासून उंच फळ्यांवर, भिंतीपासून दूर आणि कोरडे ठेवा. गोळ्या एकमेकींना चिकटल्या, कुबट वास आला किंवा पांढरी-हिरवी बुरशी दिसली की पूर्ण पोते टाका. बुरशी चाळून काढली तरी विष गोळीत राहते. औषधी खाद्याची पोती वेगळ्या खोलीत, वेगळ्या रंगाच्या खुणेने ठेवा. वहीत तळे क्रमांक, औषध, मात्रा, पहिला आणि शेवटचा दिवस, रोज सकाळ-संध्याकाळचे पाण्याचे तापमान आणि मासा काढता येईल ती तारीख, एवढे रकाने पुरतात.

किती आणि कोणी

मासा पूर्ण बंद करणे हा सुरक्षित मार्ग नाही. २०१० साली अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ बैठकीने निष्कर्ष काढला की मासे खाल्ल्याने हृदयविकाराने होणारे मृत्यू घटतात आणि गरोदरपणात खाल्ल्याने बाळाच्या मेंदूच्या वाढीला मदत होते. युरोपात प्रौढांसाठी सुचवलेली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले मिळून दिवसाला २५० मिलिग्रॅम चरबीदार माशाच्या आठवड्यातल्या एक-दोन वाढण्यांतून मिळतात.

गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांसाठी अमेरिकेतला सल्ला आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम, कमी पाऱ्याच्या जातींचा, असा आहे. सॅमन, तिलापिया, कॅटफिश, ट्राउट आणि कोळंबी त्या यादीत येतात. थंड धुरावर मुरवलेला मासा मात्र त्यांनी टाळावा, कारण लिस्टेरिया हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढतो. मुलांना आठवड्यातून दोनदा: १ ते ३ वर्षांपर्यंत एका वेळी सुमारे ३० ग्रॅम, ४ ते ७ पर्यंत ६० ग्रॅम, ८ ते १० पर्यंत ९० ग्रॅम.

गरोदरपणाची तयारी करताना वेळेचा हिशेब दूषकागणिक वेगळा असतो. मिथाइल पारा शरीरात सुमारे ५० दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे शार्क, तलवार मासा आणि मोठा ट्यूना सहा महिने आधी बंद केले तर साठा एक-दशांशाच्याही खाली जातो. डायऑक्सिन आणि पीसीबींना अशी सवलत नाही. ती मुलीच्या लहानपणापासून साचत येतात आणि काही भाग दुधातून बाळाकडे जातो. म्हणून घरात मुली असतील तर चरबीदार माशाच्या खाद्याची चौकशी त्यांच्या वयाच्या पहिल्या वर्षापासूनच करावी, आणि उत्तर मिळाले नाही तर त्या आठवड्याला कमी चरबीचा मासा घ्यावा.